एकेचाळीसाव्या पानावरचा गोल

२०२३ साल. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला बहात्तरावं लागलं होतं, आईच्या हिशेबाने चौऱ्याहत्तरावं. माझ्या जन्माच्या वेळी आई हजर होती आणि मास्तर नव्हते, तरी सरकारने मास्तरांचं धरलं, म्हणून मीही बहात्तरच सांगतो. त्या वर्षी आमच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाने माझं कार्ड काढून घेतलं. गुन्हा काय, तर मी पुस्तकं वाचली.

त्यांनी अर्थात तसं म्हटलं नाही. शिकलेल्या माणसाला सरळ बोललं की कमीपणा वाटतो. त्यांनी 'विद्रूपीकरण' म्हटलं. भिंतीवरच्या नियमांत मला तो शब्द पहिल्या दमात वाचता आला नाही. दुसऱ्या दमात आला, आणि अर्थ समजल्यावर वाटलं, पहिल्या दमावरच थांबायला हवं होतं.

कार्डाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माझं काय गेलं ते कळेल. माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्गातही मी एकदा गेलो होतो, पण तो आमची म्हैस आत शिरली म्हणून. पुढे चिंचवडला एका कारखान्यात हेल्पर लागलो, ड्रिल मशीनवर आलो, फिटर झालो, आणि चौतीस वर्षं लोखंड घासून घरी बसलो. एवढ्या वर्षांत वाचलं काय, तर ड्रॉइंग आणि नोटीस बोर्ड. ड्रॉइंगमध्ये गोष्ट नसते. नोटीस बोर्डावर असते, पण तिचा शेवट कामगाराला आधीच माहीत असतो.

रिटायर झाल्यावर पाच-सहा वर्षं मी घर सुधारलं. बायकोच्या मते बिघडवलं. डबे कुठे ठेवावेत, भाजी किती बारीक चिरावी, कुकरला शिट्ट्या किती द्याव्यात, यावर मी चार चांगल्या सूचना केल्या. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला सूचना आवडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस तिने माझी टोपी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की दहा ते बारा कुठंबी जावा, पण घरात दिसू नका.

कुठेही म्हणजे वाचनालयात, कारण तिथे पंखा फुकट आणि पेपर फुकट. पण पेपरला मालक होते. सोसायट्यांतले रिटायर साहेब लोक सकाळी येऊन पेपर ताब्यात घेत. एक हातात, एक मांडीवर आणि एक बुडाखाली. मागितला तर म्हणत, होतंच आलंय. त्यांचं बारा वाजता होत असे. दोन महिने मी साहेबांनी धरलेल्या पेपरांच्या मागच्या बाजू वाचल्या. त्यामुळे मला गावातल्या सगळ्या फ्लॅटच्या जाहिराती पाठ झाल्या, आणि आमच्याच जुन्या वावरात उभ्या राहिलेल्या फ्लॅटला 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतात हेही कळलं. मग कंटाळून मी पुस्तकांच्या कपाटांकडे वळलो.

सभासद व्हायचा फॉर्म भरला. त्यात 'शिक्षण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'पुरेसं'. त्या वेळचे ग्रंथपाल आपल्या रिटायरमेंटची वर्षं मोजत होते. त्यांनी ते वाचलं नाही की वाचून सोडून दिलं, देव जाणे. आठ दिवसांनी कार्ड मिळालं. पिवळं, पत्त्यातल्या पानाएवढं. वर फोटो, मध्ये नाव आणि खाली छापलेलं, 'वाचक'.

तुम्हाला त्यात काय वाटणार. पण माझ्या आयुष्यातले कागद बघा. कारखान्याने मला टोकन नंबर म्हटलं, बँकेने खातेदार म्हटलं, आणि साठीनंतर बसवाल्याने ज्येष्ठ नागरिक म्हटलं, म्हणजे म्हातारा. वाचक कुणी म्हटलं नव्हतं. ते कार्ड मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवायला लागलो. काळेवाडी फाट्यावर पोलिसाने लुना अडवली तरी हात आधी त्या कार्डाकडे जायचा.

वाचायचो मी सावकाश, ओळीखाली बोट धरून. एक पुस्तक पंधरा दिवस पुरायचं. नियमही पंधरा दिवसांचाच होता, म्हणजे नियम करणारा माझ्याइतकाच शिकलेला असणार. अडचण वेगळीच होती. वाचनालयाची पुस्तकं फाटली की बांधायला जातात, आणि बांधून आली की सगळी एका आईची लेकरं. मरून रंगाचं कापड, पाठीवर पांढरा नंबर. कव्हर गेलं, चित्र गेलं. त्यात मला पुस्तकाचं नाव लक्षात राहत नाही, गोष्ट राहते. दोनदा असं झालं की पुस्तक घरी आणलं, ऐंशी पानं वाचली, आणि ऐंशीव्या पानावर एक माणूस विहिरीत पडला तेव्हा आठवलं की हा मागच्या वर्षीही पडला होता. पहिल्यांदा बायको काही बोलली नाही. दुसऱ्यांदा हसली. तिसऱ्यांदा हसू द्यायचं नाही असं मी ठरवलं.

कारखान्यात आमची एक पद्धत होती. काम पूर्ण झालं की प्रत्येक फिटरने त्या तुकड्यावर आपला पंच, म्हणजे ठोकून उमटवायची खूण, मारायचा. माझा पंच गोल होता. पुढे तो तुकडा कुठेही जाऊ दे, त्यात काही निघालं तर गोल बघून मला बोलवायचे. चौतीस वर्षांत चारदा बोलावलं, आणि त्यातल्या तीन वेळा चूक दुसऱ्याची होती.

तेच मी इथे केलं. एकेचाळीसाव्या पानावर, पानाच्या आकड्याभोवती, पेन्सिलीने बारीक गोल. एकेचाळीसच का, तर तिथे वाचनालयाचा शिक्का असतो. हे फार जणांना माहीत नाही. पुस्तक कुणी पळवलं, पहिलं पान फाडलं, तरी ओळखू यावं म्हणून वाचनालयवाले आतल्या एका ठरलेल्या पानावर गुपचूप शिक्का मारून ठेवतात. आमच्या वाचनालयाचं गुपित पान एकेचाळीस. जिथे इन्स्पेक्शनचा शिक्का तिथेच फिटरचा पंच, अशी शिस्त मला लागलेली. त्यांच्या जांभळ्या शिक्क्याशेजारी मी गोल करत गेलो. कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तक काढायचं, एकेचाळीस उघडायचं. गोल दिसला की परत आत.

असे सहा वर्षांत शंभरावर गोल झाले. वही मी केली नाही. लिहायला मला वाचण्यापेक्षा जास्त त्रास होतो, आणि माझं अक्षर बघून लोक तोंडाने काही बोलत नाहीत, तेच मला आवडत नाही. शंभरावर पुस्तकं वाचल्याचा माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. माझी काय ती शाळा होती ती त्या कपाटांत होती.

पुढेपुढे मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. बऱ्याच पुस्तकांत शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनचा छोटा त्रिकोण असायचा. म्हणजे आणखी एकजण होता. सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी जे पुस्तक उचलावं ते या गृहस्थाने आधीच संपवलेलं असतं, आणि राग यायला लागला. कारखान्यातही माझ्यापुढे कुणी काम काढलेलं मला सहन होत नसे. मग मी शेवटचं पानही बघायला लागलो. त्रिकोण नसलेलं पुस्तक सापडलं की ते कशाबद्दल आहे याची चौकशी न करता उचलायचं. अशी मी मधमाश्या पाळण्यावर दोन पुस्तकं वाचली. आमच्याकडे मधमाश्या नाहीत.

तर २०२३ मध्ये जुने ग्रंथपाल रिटायर झाले आणि नवीन बाई आल्या. तरुण, चष्मेवाल्या, पाठीवर सॅक. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक पुस्तकाला ते काळ्या रेघांचं स्टिकर, बारकोड, चिकटवायला घेतलं. चिकटवण्याआधी गुपित पान उघडून शिक्का तपासायचा, अशी त्यांची पद्धत. चार-पाच कपाटं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शिक्क्याला शेजारी मिळालेला आहे.

एक दिवस सकाळी त्यांनी टेबलावर पुस्तकांचा ढीग मांडला आणि हॉलमध्ये सगळ्यांना विचारलं, या खुणा कोण करतं. एका साहेबांनी पेपर जरा खाली घेऊन सांगितलं की वरची पोरं करतात. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून खाली मान घालून बसलेली असतात. दुसऱ्या साहेबांनी बुडाखालचा पेपर सावरत दुजोरा दिला की या पिढीला पुस्तकाची किंमतच नाही.

मी गप्प बसलो असतो तर काही झालं नसतं. टोपीवाला म्हातारा पुस्तक उघडतो यावरच अर्ध्या हॉलचा विश्वास नव्हता, माझ्यावर शंका कोण घेणार. पण शंभरावर पुस्तकं मी वाचायची आणि नाव वरच्या पोरांचं व्हायचं, हे कुठल्या न्यायात बसतं. मी उठलो.

"त्यो गोल माझा हाय."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ढिगाकडे, मग परत माझ्याकडे.

"सगळे?"

"किती घावलं?"

"आत्तापर्यंत सत्तेचाळीस."

"मंजी निम्म्याच्या वर अजून तुमच्या नजरंला पडायचं हायेत."

बाईंना राग आला असणार, पण त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आजोबा, पुस्तक वाचनालयाचं आहे. त्यावर खुणा करता येत नाहीत."

"तुमचा शिक्का हाय की त्याच पानावर."

"तो मालकीचा आहे. पुस्तक आमचं आहे म्हणून."

"माझाबी त्याच्यासाठीच हाय. वाचलंय म्या म्हणून."

साहेब लोक हसले. बाई हसल्या नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं, तोच तो दोन दमांचा शब्द, आणि निकाल सांगितला. सगळे गोल मी माझ्या हाताने खोडून द्यायचे. शेवटचा गोल जाईपर्यंत कार्ड त्यांच्याकडे. नाही खोडले तर सभासदत्व रद्द. कार्ड त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं, प्लास्टिकच्या पाकिटासकट. पाकीट तरी मागून घ्यायला हवं होतं, पण मी खोडणार न्हाई एवढंच बोलून बाहेर पडलो. ताठ मानेने पडलो. पायरीवर अडखळलो, पण ते कुणी बघितलं नाही.

पहिले तीन दिवस माझी मान अशीच ताठ होती. चौथ्या दिवशी मी विजेचं बिल दोन्ही बाजूंनी वाचलं. पाचव्या दिवशी तेलाची पिशवी वाचली. कार्ड नसलं तरी वाचनालयात बसून पुस्तक वाचता येतं, ते मला माहीत होतं. पण सहा वर्षं काखेत पुस्तक घालून गल्लीतून येणारा माणूस आता हात हलवत येणार, आणि खालच्या खोल्यांतले चाकणच्या कंपन्यांत जाणारे भाडेकरू विचारणार, बाबा, आज पुस्तक नाही का. त्यापेक्षा न गेलेलं बरं. सहाव्या दिवशी मी परत घर सुधारायला घेतलं.

मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावत होतो तेव्हा बायकोने शेवटी तोंड उघडलं. म्हणाली, "खोडून टाका की. खोडल्यावर वाचल्यालं पोटातनं भाईर येतंय का?"

"पुरावा काय ऱ्हातो मग?"

"पंचेचाळीस वरसं भाकऱ्या थापल्या म्या. येकीवर तरी गोल केलाय का?"

मी गच्चीवर पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेलो. टाकी भरलेली होती. तरी बराच वेळ बघत बसलो.

नवव्या दिवशी पेपर वाचायला जातो असं सांगून निघालो. पेपर मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, पण संसारात असं चालतं.

वाचनालयात कोपऱ्यातल्या टेबलाशी एकजण पुस्तकांचा ढीग घेऊन बसलेला. पासष्टीचा असेल. पांढरी दाढी, नखांत काळं ग्रीस, डोळ्यांवर चष्मा आणि हातात पॉलिश पेपरचा तुकडा. गॅरेजवाले ज्याला झिरो पेपर म्हणतात तो, सगळ्यात बारीक. एक पुस्तक शेवटच्या पानावर उघडं होतं आणि कोपऱ्यात निळा त्रिकोण. तो त्रिकोणाकडे बघत होता, त्रिकोण त्याच्याकडे.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने टोपीपासून चपलेपर्यंत मला बघून घेतलं.

"तुम्ही गोल?"

"व्हय. तुमी त्रिकोन?"

"तुमच्यामुळेच सापडलो. तुम्ही कबूल झालात आणि बाई शेवटची पानंसुद्धा बघायला लागल्या. विचारल्यावर मलाही नाही म्हणवेना."

ओळख झाली. नावं आम्ही पुढे दोन दिवस विचारली नाहीत, गरज नव्हती. काळेवाडीत त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. वडिलांपासूनचं. शिक्षण सातवी. म्हणजे माझ्या दुप्पट शिकून वर तो माझ्या पुढे होता, त्यात विशेष काही नाही असं मी मनात ठरवून टाकलं. गॅरेज आता मुलगा बघतो, हा दुपारी जाऊन त्याच्या चुका काढतो. मी त्याला मिस्त्री म्हणायला लागलो, तो मला दादा.

त्याचं कार्डही त्याच ड्रॉवरमध्ये होतं. तासभर तो एकाच पुस्तकापुढे बसून होता. बॉलपेनची शाई रबराने जात नाही म्हणून झिरो पेपर आणलेला, पण घासायला हात उचलेना. म्हणाला, हे पुस्तक बायको दवाखान्यात होती तेव्हा तिच्या खाटेशी बसून संपवलेलं. हा त्रिकोण त्या दिवसाचा आहे. मी विचारलं, मंडळी आता कशी आहेत. म्हणाला, ठणठणीत, रोज भांडते. मग त्याने झिरो पेपर टेबलावर ठेवला.

शेवटी तोच म्हणाला, "दादा, माझ्या हाताने माझं होणार नाही. तुमचं मी खोडतो. माझं तुम्ही खोडा."

मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याचं पुसायला आपल्याकडे कोण मागे हटलंय.

चार दिवस हे चाललं, रोज दहा ते बारा. माझी पेन्सिल, तिला रबराचे दोन हात पुरे. त्याचं बॉलपेन, तिथे मला घाम. म्हणजे या सौद्यातही कामगारच राबला. पण काम कसं करतात ते मी दाखवलं. झिरो पेपरची बोटाएवढी पट्टी कापायची, बोटाच्या टोकाला गुंडाळायची, खाली पुठ्ठा सरकवायचा आणि एकाच दिशेने, पिसाने झाडल्यासारखं. जोर दिला की भोक. बाई पहिल्या दिवशी पॉलिश पेपर बघून धावतच आल्या. मी त्यांना ते पान दिलं. त्यांनी ते खिडकीशी धरलं, बोट फिरवलं, आणि त्रिकोण नक्की कुठे होता ते त्यांना सांगता येईना. पान परत देऊन जागेवर जाऊन बसल्या. सरकारी माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

खोडताना बोलणं व्हायचंच. मधमाश्यांची पुस्तकं माझ्या ढिगात बघून त्याने विचारलं, दादा, पोळी कुठे ठेवलीत. मी म्हटलं, तुम्ही वाचलं नव्हतं म्हणून वाचलं. तो एवढा हसला की साहेबांचा एक पेपर खाली पडला. तो मी उचलून घेतला आणि परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने हळूच टोचलं. गोल एकेचाळीसवर का, पुस्तक तर पुढेही असतं. मी शिक्क्याचं आणि पंचाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते बरोबर. पण मी शेवटच्या पानावर मारतो. तिथे पोचल्याशिवाय मारताच येत नाही." मी म्हटलं, आमच्याकडे काम पूर्ण झाल्याशिवाय पंच मारत नाहीत. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताला एक जाडजूड पुस्तक लागलं. कुणा मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या साहेबाचं आत्मचरित्र. नवं, बांधायला न गेलेलं. एकेचाळीसवर माझा गोल होता आणि शेवटी त्रिकोण नव्हता. त्याने गोल खोडायला रबर टेकवलं, मग थांबला आणि सहज पुढची पानं चाळायला लागला. चाळता चाळता बोट अडकलं.

"दादा, ही पानं वरून जोडलेली आहेत. छापखान्यात कापायची राहिली. पन्नास आणि एक्कावन्न आतच आहेत. ती कशी वाचलीत?"

"आमच्या टायमाला सुटी हुती."

"मग परत कुणी जोडली?"

खरं काय होतं ते मला चांगलं आठवत होतं. त्रिकोण नाही म्हणून ते पुस्तक मी अधाशासारखं उचललेलं. पंधरा दिवसांत चाळिशी गाठताना जीव गेला. साहेबाचे खापरपणजोबा, त्यांची जमीन, त्यांचे घोडे. एकेचाळीसवर शिक्का दिसला, आणि मी पेन्सिल काढली. वाटलं, कोण बघतंय.

बाई दहा पावलांवर होत्या. साहेब लोक पाच पावलांवर, कान टवकारून. त्याने तिथे हे नुसतं मोठ्याने सांगितलं असतं तरी माझी सहा वर्षं त्या हॉलमध्ये पाण्यात गेली असती. गोल खोडले तरी मी वाचलंय, हे मी गेले तीन दिवस सगळ्यांना ऐकवत होतो.

मी खाली बघून म्हटलं, "हे न्हाई वाचलं."

"आणि बाकीची?"

"धा-बारा अशी असत्याल."

त्याने गोल खोडला, रबराचा भुगा फुंकला आणि पुस्तक मिटून ढिगावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, म्हणाला की तो कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान वाचतो. तिथेच त्रिकोण मारून टाकतो, विसरायला नको म्हणून. आवडलं तर मागे जाऊन सुरुवात करतो. प्रत्येक वेळी गेलाच असं नाही.

"किती ऱ्हायली अशी?"

"ते नका विचारू, दादा. तुमच्यापेक्षा जास्त."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या पुढे निघालो, तेही कशात.

चौथ्या दिवशी बाराला दहा कमी असताना शेवटचं पुस्तक संपलं. बाईंनी ढिगातली पाच-सहा पुस्तकं उघडून बघितली आणि ड्रॉवरमधून दोन्ही कार्डं काढली. माझं पाकिटासकट होतं. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, आता खुणा करायची गरजच नाही, कुठलं पुस्तक कधी नेलं आणि कधी आणलं, सगळं इथे दिसेल.

"वाचलं का, त्ये दिसंल का?"

"नाही, आजोबा. नेलं आणि आणलं, एवढंच."

मिस्त्री खोकला. मी कार्ड खिशात घातलं आणि त्या दिवशी पुस्तक न घेता घरी आलो. बायकोने रिकामे हात बघितले आणि विचारलं, दिलं न्हाई का कार्ड. मी कार्ड काढून दाखवलं. मग पुस्तक का नाही आणलं, तर म्हटलं, उद्या. जेवताना तिला त्या दहा-बारांबद्दल सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं. ती हसेल म्हणून मी ताटात बघत होतो. ती भाकरी वाढत म्हणाली, करपलेल्या मी पण तुमच्याच ताटात सरकवल्यात कितीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचं शटर वर जायच्या आधी मी दारात होतो. खिशात कार्ड आणि सहा इंची स्टीलची पट्टी. ते साहेबाचं आत्मचरित्र कपाटातून काढलं, बाईंपुढे ठेवलं आणि जोडलेली पानं सोडवायची परवानगी मागितली. या वेळी आधी विचारलं. बाई म्हणाल्या, याला अर्ज लागतो का ते बघावं लागेल. थोडा वेळ त्यांनी खरंच बघितलं. मग म्हणाल्या, करा, पण माझ्यासमोर करा. मी घडीत पट्टी सरकवली आणि एका दमात ओढली. पन्नास आणि एक्कावन्न सुटली. कड बघून बाईंनी मान हलवली, बारकोडवर यंत्र धरलं, ते वाजलं. पुस्तक काखेत घालून गल्लीतून मुद्दाम सावकाश घरी आलो, ओट्यावर बसलो आणि पान एकपासून, बोट धरून, सुरुवात केली. बारापर्यंत नऊ पानं झाली. साहेब अजून जन्मले नव्हते.